बेस वाढव!

लग्नाच्या तिथी दाट असल्या की नगर-पुणे रस्त्यावर सुप्याच्या आसपास गाड्यांचा वेग आपोआप उतरतो. पुढं वरात असते. टेम्पोच्या हौद्यात काळ्या खोक्यांची भिंत, तिच्यामागं जनरेटर आणि जनरेटरला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला पोरगा. नवरदेवाचा कुणी मामेभाऊ टेम्पोच्या फळीवर थाप मारून ओरडतो, "बेस वाढव!" पोरगा एक बटण उजवीकडं पिळतो आणि रस्त्याकडेच्या दुकानांची शटरं थरथरायला लागतात.

नगरी बोलीत 'बेस' हा शब्द वीज यायच्या आधीपासून आहे. पाऊस वेळेवर आला, बेस झालं. पोरीला स्थळ चांगलं मिळालं, लई बेस झालं. संगीतातला इंग्रजी बेस, म्हणजे खालचा सूर, या शब्दावर नंतर येऊन बसला आणि दोन्ही अर्थ गुण्यागोविंदानं नांदू लागले. गंमत एवढीच की वरातीत बेस भरपूर असला तरी बेस वाजवणारा माणूस नसतो. चार जाड तारांची गिटार गळ्यात अडकवून ढोलकीवाल्याशेजारी उभा राहणारा गडी मुंबईत घडला, तिथंच नावारूपाला आला आणि सुप्यापर्यंत यायच्या आत वाटेतच गळाला. त्याचा सूर तेवढा पोहोचला, तोही खोक्यात भरून.

हे सुपं पारनेर तालुक्यातलं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपं बारामतीकडचं, त्याचा याच्याशी घोळ घालू नये. नगरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, कमी पावसाच्या टापूत वसलेलं हे गाव. जवळच्या डोंगरावर पवनचक्क्या, खाली औद्योगिक वसाहत. या तालुक्याच्या कानाला कोणते सूर सवयीचे होते, हे पाहायचं तर कोरठणच्या खंडोबाकडं जावं. वाघ्या-मुरळीच्या जागरणात दिमडी असते, घोळ असतो, तुणतुणं असतं. दिमडी वीतभर, तिचा आवाज टणक आणि वरचा. तुणतुण्याला तार एकच आणि तीही पातळ. रात्रभर एकाच सुरावर टुणटुण करते, म्हणून तर 'आपलंच तुणतुणं वाजवणं' हा वाक्प्रचार पडला. पोवाड्यात डफ कडाडतो आणि शाहिरामागचे सुरते 'जी जी' करत सूर आणखी वर ओढून धरतात. तमाशातही तेच. फडावर हजारोंचा जमाव, ध्वनिक्षेपक नाही, तेव्हा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचं तर आवाज वरच्या पट्टीतच लावावा लागे. खालचा सूर उघड्या माळावर विरून जातो, हे कलावंतांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग खाली काही नव्हतंच का? होतं, पण तारेत नव्हतं. ते कातड्यात होतं. गोंधळ्याच्या संबळाचा मोठा नग टोकाला वळलेल्या काठीनं घुमतो. ढोलकीच्या उजव्या तोंडाला शाई, ती सुरात लावलेली. डाव्या तोंडाला आतून मसाला, त्यामुळं ते भरीव बोलतं. लावणीत बाई पाय मारते तेव्हा ढोलकीवाला डाव्या तळव्यानं कातडं दाबत जो घुमारा काढतो, तो खाली-वर सरकतो. कान देऊन ऐकलं तर ती एक छोटी बेसची लाइनच असते. सुरांची नावं नसलेली, पण गाण्याला खालून उचलून धरणारी.

तारेतला खर्ज मराठी मुलखात होता, पण तो बंद खोलीतला. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यांनी, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणाऱ्या कारागिरांनी, सतार-तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या चार तारांतली शेवटची पितळेची जाड तार खर्जाची. पुरुष गायकानं काळी एक धरली तर ही तार सेकंदाला साधारण ६९ वेळा थरथरते. बेस गिटारवर तोच सूर ए तारेच्या चौथ्या पडद्यावर सापडतो. म्हणजे मिरजेचा तंबोरा जिथं तळ गाठतो, तिथून बेस गिटारला खाली आणखी बरंच अंगण शिल्लक राहतं: मोकळी ए तार ५५ हर्ट्झ, आणि सगळ्यात जाड ई तार ४१. पण तंबोरा सूर धरून ठेवतो, चालत नाही. पावलापावलानं चालणारा खर्ज यायला मुंबईची वाट पाहावी लागली.

आणि त्या वाटेवर नगर जिल्ह्याचा माणूस भेटतो. १९१८ साली पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या अमेरिकी कृष्णवर्णीय वादकानं आपला बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आणला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गोव्याच्या चर्चमधल्या संगीतशाळांत नोटेशन शिकलेल्या पोरांनी जाझ आत्मसात केला. रात्री हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, असा त्यांचा दिनक्रम बसला. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला. १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. जाझमधला स्विंग म्हटला की डबल बेस आलाच. माणसाहून उंच, पोटात हवा भरलेलं ते लाकडी धूड वाजवणारा उभ्यानं तार खेचतो आणि गाणं चालायला लागतं.

पण त्या धुडाचा जाच मोठा. लोकलच्या डब्यात ते मावत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं. गळ्यावर पडदे नसल्यानं बोट केसभर चुकलं की सूर ढळतो. आणि सगळं नीट जमलं तरी पितळी वाद्यांच्या भडिमारात ते ऐकू येत नाही.

'अलबेला' आला त्याच १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसानं या चारही तक्रारींवर एकच फळी उपाय म्हणून काढली. भरीव लाकूड, ३४ इंच लांबीच्या चार तारा, खाली चुंबकाचा पिकअप आणि गळ्यावर पडदे. पडद्यांमुळं सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन बेस'. सिएटलच्या पॉल टटमार्कनं अशी विजेची बेस तीसच्या दशकातच बनवली होती, पण ती चालली नाही. फेंडरची चालली. १९६० मध्ये त्यानंच बारीक गळ्याची, दोन पिकअपची 'जाझ बेस' काढली आणि जगभरच्या बेसवाल्यांत जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. सुपारी घेऊन पोट भरणारे बहुतेक जण शेवटी पहिल्या वाद्याकडं, म्हणजे प्रिसिजनकडं, वळतात. त्याचा आवाज एकच, पण तो कुठल्याही गाण्यात बसतो. आणि साउंडवाल्यानं काहीही गोंधळ घातला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पी-बेस म्हणजे भाकरी.

तारांवरचा वाद तर संप्रदायांसारखा आहे. बेसची तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली तार. सगळ्यात जाड तार नेहमीच्या संचात पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास भरते, तुणतुण्याच्या तारेची आजी म्हणावी अशी. बाहेरचं गुंडाळण पट्टीसारखं चपटं असेल तर आवाज मऊ, गोल, डबल बेसच्या जवळचा येतो. गुंडाळण गोल तारेचं असेल तर आवाज खणखणीत येतो, सुरुवातीला जवळजवळ पियानोसारखा. १९६६ मध्ये इंग्लंडच्या रोटोसाउंड कंपनीनं 'द हू' या बँडच्या बेसवाल्याला, जॉन एन्टविसलला, हाताशी धरून गोल गुंडाळणीच्या तारा नावारूपाला आणल्या. त्याच काळात डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन चपट्या तारा लावून बसला होता. तार तुटेपर्यंत बदलायची नाही, हा त्याचा नेम. हाताचा मळ आणि घाम तारेत मुरला की तिचा चकचकाट मरतो आणि उरतो तो ठोका. दुसऱ्या पंथाचे लोक मरगळलेल्या तारा पातेल्यात घालून उकळतात, पुसून वाळवतात आणि परत चढवतात. मळ निघतो, चार-आठ दिवस तार पुन्हा बोलते. ज्यांना नवा संच परवडत नाही त्यांचा हा उद्योग. मुंबईत तर परवडण्याच्या आधी मिळण्याचा प्रश्न होता.

कारण तो परवान्यांचा काळ. परदेशी वाद्यावर जकात जबर आणि आयातीवर निर्बंध. धोबी तलावच्या फुर्टाडोससारख्या, १८६५ पासून चाललेल्या दुकानातही हवं ते हवं तेव्हा मिळेल याची खात्री नसे. गोव्याच्या घरोघरी कुणी ना कुणी बोटीवर असायचं, त्याच्या ट्रंकेतून येईल ती तार आपली. अशा वेळी वादकानं वाद्य जपावं ते खिल्लारी बैलासारखं.

साठच्या दशकात सिनेमाच्या वाद्यवृंदात डबल बेसच्या शेजारी ही विजेची बेस येऊन बसली. १९६६ च्या 'तीसरी मंझिल'नं राहुलदेव बर्मन यांचा डंका वाजला आणि त्यांच्या जथ्यात बेस गिटारवादक टोनी वाझ हे नाव कायमचं झालं. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये त्या जथ्यात कोण नव्हतं? ठेक्याची बाजू सांभाळणारे मराठमोळे मारुतीराव कीर, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, गिटारवर भानू गुप्ता. बर्मन यांच्या गाण्यांत बेस नुसती कॉर्डचं मूळ दाखवून गप्प बसत नाही. ती मधूनच प्रश्न विचारते, उलट उत्तर देते, कधी मुद्दाम एक मात्रा उशिरा येते. कीरांचा तबला आणि वाझची बेस एकमेकांची जागा अडवत नाहीत. ढोलकीचा उजवा आणि डावा हात दोन माणसांत वाटून द्यावा, तसं ते ऐकू येतं.

ऐकू येतं, पण कुठं? मुंबईत ऐकू येत होतं, सुप्यात नाही.

सत्तर सालच्या आसपास खेड्यात सिनेमाचं गाणं येण्याच्या वाटा तीनच होत्या. एक, हातातला ट्रान्झिस्टर, ज्याचा स्पीकर बशीएवढा. दुसरी, जत्रेतली टुरिंग टॉकीज. तिसरी आणि सगळ्यात मोठी म्हणजे लग्नाच्या मांडवावर, लिंबाच्या फांदीला किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधलेला भोंगा. भोंगा म्हणजे कर्णा. त्याची दांडी दुमडलेली, तोंड पसरट. तो बांधला जातो माणसाच्या आवाजासाठी, आणि दोन कोसांवर 'ऐका हो ऐका' पोहोचवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण तीन-चारशे हर्ट्झच्या खाली तो हात टेकतो. बेस गिटारच्या चारही मोकळ्या तारा त्याच्या बऱ्याच खाली, ४१ पासून ९८ पर्यंत. भोंग्यातून लताबाई येत, सनई-व्हायोलिनं येत, बोंगोची चाटी येत असे. वाझ मात्र ताडदेवातच राहून जात.

कान हुशार असतो. वरच्या स्वरांवरून तो खालच्या सुराचा अदमास बांधतो, म्हणून गाणं अगदीच पायाशिवाय वाटत नसे. पण छातीत धडकणारा, पोटात उतरणारा खर्ज या पिढीनं सिनेमाच्या गाण्यात ऐकलाच नाही. त्यांच्यासाठी हिंदी गाणंही त्यांच्या तुणतुण्यासारखंच होतं: सगळं वर, खाली ठोका. मराठी खेड्यात बेसवाला का रुजला नाही याची कारणं शोधताना रुची, परंपरा असले मोठे शब्द वापरले जातात. या लेखकाच्या मते त्यातलं निम्मं श्रेय लिंबावरच्या त्या भोंग्याला द्यायला हवं. जे वाद्य कधी ऐकूच आलं नाही ते शिकावंसं कुणाला वाटणार?

खाली ऐकू यायला लागलं ते ऐंशीच्या दशकात. कॅसेट स्वस्त झाली. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी टपरीटपरीवर वाजू लागल्या. काळीपिवळी जीपच्या सीटखाली लाकडी खोकी बसली आणि खोक्यांत मोठ्या घेराचे स्पीकर. नगर-शिरूर फेऱ्या मारणाऱ्या गाडीची ख्याती इंजिनापेक्षा बेसवर ठरू लागली. 'बेस वाढव' ही आरोळी त्या जिपांमधली.

म्हणजे आता कुठं बेसवाल्याचे दिवस यायचे होते. पण नेमकं तेव्हाच त्याच्या पोटावर पाय आला.

१९८० मध्ये कॅसिओनं आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला आणि काही वर्षांत 'कॅसिओ' हे आपल्याकडं वाद्याचंच नाव होऊन बसलं. जिल्ह्याच्या गावांतल्या ऑर्केस्ट्रांनी त्याचा हिशेब चटकन ओळखला. कीबोर्डचे पट्टे दोन भागांत तोडता येतात: उजव्या हाताला व्हायोलिन, डाव्या हाताला बेस. एक माणूस, एक खुर्ची, एक बिदागी. पाठोपाठ १९८५ मध्ये रोलंडचा ऑक्टोपॅड आला आणि तालवाद्यांच्या ढिगाचीही तीच गत झाली. सुपारीचे पैसे ठरलेले. ते आठ जणांत वाटायचे की पाच जणांत, हा प्रश्न पडल्यावर पहिली गच्छंती कुणाची होणार? जो नसला तर प्रेक्षकांतून कुणी विचारत नाही, त्याची. बेसवाल्याला ॲम्पही मोठा लागतो. खालच्या सुराला ताकद जास्त लागते. म्हणजे जीपमध्ये माणसाची एक आणि खोक्याच्या दोन जागा. नारायणगावच्या राहुट्यांतून सुपारी घेऊन गावोगाव जाणाऱ्या मोठ्या तमाशा फडांनी गाण्यांच्या भागासाठी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड ट्रकवर चढवले. ढोलकी सोडली नाही, हे त्यांचं शहाणपण.

याच वळणावर एक प्रसंग घडला, तो कादंबरीत घातला तर ओढूनताणून वाटेल. चरणजित सिंग हे मुंबईच्या वाद्यवृंदांतले मुरलेले वादक. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, जे हातात येईल ते वाजवणारे. त्यांनी सिंगापूरला एक लहानसं जपानी यंत्र विकत घेतलं: रोलंड टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. एकट्या गिटारवाल्याला बेसवाल्याशिवाय सराव करता यावा, कार्यक्रम करता यावा, म्हणून हे यंत्र काढलेलं. थोडक्यात, ज्याची रोजी काढून घ्यायला ते जन्मलं होतं, अशाच एका माणसाच्या हाती ते पडलं. चरणजित सिंगांनी त्याच्या जोडीला रोलंडचंच ड्रम मशीन आणि एक सिंथेसायझर घेतला आणि १९८२ मध्ये त्यावर भैरवी, यमन, भूपाळी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. यंत्रही जगात आपटलं: दहा हजारांच्या आसपास नग करून रोलंडनं १९८४ मध्ये ते बंद केलं. पुढं शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून तीच यंत्रं मातीमोल भावात उचलली, बटणं वेडीवाकडी पिळली आणि १९८७ मध्ये 'ॲसिड हाउस' नावाचा प्रकार उभा राहिला. एका डच संग्राहकाला सिंगांची तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती नव्यानं निघाली आणि जग चकित झालं की हा माणूस पाच वर्षं आधीच तिथं पोहोचला होता. सिंग २०१५ मध्ये वारले, तोवर त्यांनी युरोपात या रागांचे कार्यक्रमही केले.

जपानचं आणखी एक वाद्य सुप्याच्या वरातीत त्याच्या आधीच शिरलं होतं. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरितानं टाइपरायटरसारख्या कळा बसवून तारांचं एक वाद्य बनवलं, तैशोगोतो. ते भारतात येऊन बुलबुलतरंग झालं, पिकअप लावून विजेवर चढलं आणि महाराष्ट्रात 'बँजो' या नावानं लग्नं आणि गणपती गाजवू लागलं. अमेरिकी बँजोशी त्याचा नावापुरताही धड संबंध नाही. बँजो पार्टीत सूर पुन्हा वरचाच, कर्कशाकडं झुकणारा, तुणतुण्याच्या कुळाला शोभणारा. खाली ढोल. आता सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्यांसाठी राखीव क्षेत्र झालं आहे. तिथं येणाऱ्या जपानी साहेबाला आपल्या आजीच्या दिवाणखान्यातलं वाद्य वरातीत ओळखू येतं का, हे कुणीतरी विचारायला हवं.

बँजो पार्टीलाही मागं सारून आली ती खोक्यांची भिंत. पश्चिम महाराष्ट्रात तिला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बीची पहिली कीर्ती १९६५-६६ मधल्या ज्या यंत्रणेमुळं झाली, तिचं काम टेपवरचा नको असलेला आवाज कमी करणं हे होतं. त्याच्या नावाचा असा उपयोग झालेला पाहून बिचाऱ्यानं कपाळावर हात मारला असता. ४१ हर्ट्झच्या सुराची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब भरते, २७ फुटांच्या घरात. भिंतीला, दाराला, खिडकीला ती जुमानत नाही. म्हणून चार घरं पलीकडच्या म्हाताऱ्याला गाण्याचे शब्द कळत नाहीत, धडधड तेवढी पोहोचते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची आणि रात्री ४५ ची मर्यादा घातली आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली. त्या नियमांतली मोजणी मात्र खालच्या सुरांना कमी भार देणाऱ्या मापानं होते. तेव्हा पोटात बसणारा दणका कागदावर वाटतो त्याहून सौम्य उतरतो.

भिंतीतून जे वाजतं त्यात माणसानं वाजवलेला खर्ज अगदीच नाही असं नाही. शिरूर-जुन्नर भागात बालपण गेलेल्या अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला. हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओतल्या त्या वादकांचे गज सुप्याच्या टेम्पोवरून घुमले. पण टेम्पोवरच्या पोराचं बटण पिळलेलं असतं, त्यात गज आणि यंत्र सारखेच भरडले जातात.

दहा वाजता पोलिसांची गाडी येऊन उभी राहते. जनरेटर बंद होतो आणि कानात काही वेळ नुसती हवा भरून राहते. त्या शांततेत, गावात सप्ताह चालू असेल तर, देवळाकडून टाळांचा आवाज येतो. मंडपात पखवाजवाला मांडी घालून बसलेला असतो. शेजारी ताटलीत भिजवलेल्या कणकेचा गोळा. त्यातला लिंबाएवढा तुकडा तोडून तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर, धुम्यावर, मधोमध थापतो, अंगठ्यानं कडा पसरतो आणि एक थाप मारून पाहतो. आवाज हवा तेवढा खाली गेलेला नसतो. तो पुन्हा ताटलीकडं हात नेतो, चिमूटभर कणीक आणखी घेतो.